सिस्टरांनी कापलेली नावं

आमच्या घरमालकिणीने निवृत्तीनंतर मशीन मागवलंय हे कळल्यावर ते शिलाईचं असेल असंच आळीतल्या सगळ्यांना वाटलं. टेम्पोतून खोकं उतरलं तेव्हा शेजारच्या दोघीतिघी ब्लाउजची मापं द्यायच्या तयारीने आल्याही होत्या. खोक्यातून निघालं ते लाकडाची नक्षी कापायचं मशीन. एक लोखंडी टेबल, त्याच्या वर एक लांब हात, खाली एक हात आणि दोघांच्या टोकांमध्ये उभं ताणलेलं, दोऱ्याएवढं बारीक पातं. मशीन सुरू झालं की दोन्ही हात एकदम वरखाली होतात आणि मधलं पातं लाकूड कापत जातं. बायका थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या आणि घरी गेल्या.

मी तेव्हा शहापूरच्या एका शाळेत गणित शिकवायला नुकतीच आले होते. माझं गाव सांगलीकडचं. इथे ओळखीचं कुणी नव्हतं. घरमालकीण मूळच्या किन्हवलीच्या बाजूच्या, पस्तीस वर्षं आरोग्य खात्यात नर्स, त्यातली निम्मी मुरबाड तालुक्यातल्या पाड्यांवर काढलेली. नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन नाशिकला. सगळा गाव त्यांना सिस्टर म्हणायचा, मीही तेच म्हणू लागले. खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझी नोकरी विचारली नाही, जात विचारली नाही, माझ्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि म्हणाल्या, "रक्त कमी हाय तुझं. खोली देते, पण सकाळी नाचणीची भाकरी माझ्याकडं खायची." ही अट मी तीन वर्षं पाळली.

सिस्टर अंगाने बारीक, चालायला भरभर. घड्याळ मनगटावर न बांधता पदराच्या पिनेला उलटं अडकवलेलं असायचं, जुन्या सवयीने. भाजी चिरण्याआधीसुद्धा कोपरापर्यंत हात धुवायच्या आणि मग ते हवेत धरून स्वयंपाकघरात शिरायच्या. दार पायाने ढकलायचं, कडी मी काढायची. जिन्यावरच्या माझ्या पावलांवरून माझी पाळी आलीय की डोकं दुखतंय हे त्या खालून ओळखायच्या आणि मी वर पोचेपर्यंत हाक यायची, "गरम पाण्याची पिशवी घेऊन जा गो."

घरातल्या प्रत्येक यंत्राचा त्यांनी केसपेपर काढलेला होता. हे मी गमतीने म्हणत नाही. पाण्याचा पंप, मिक्सर, फ्रिज, माझ्या खोलीतला पंखा, प्रत्येकाचा एक पुठ्ठा, दोऱ्याने बांधलेला. त्यावर तक्रार काय, कधीपासून, काय केलं, फरक पडला का, अशा चार ओळी. वायरमन आला की त्याच्या हातात आधी पुठ्ठा द्यायच्या. तो वाचल्याशिवाय त्याला स्क्रू काढू द्यायच्या नाहीत. एकदा एकजण चिडून म्हणाला, "सिस्टर, पंपाला काय ताप येतो का?" त्या म्हणाल्या, "येतो. हात लावून बग." त्याने हात लावला आणि पटकन मागे घेतला.

मशीन कशासाठी आणलं हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. त्यांच्याकडे एक जाड वही होती. नोकरीत स्वतःच्या हाताने केलेली सगळी बाळंतपणं त्यात होती. सरकारी नोंदी वेगळ्या, ही त्यांची स्वतःची. गाव, वार, आईचं नाव, बाळाचं वजन. आणि एक रकाना रिकामा सोडलेला. पुढे लसीकरणाला ते बाळ आलं की नाव काय ठेवलं ते विचारून तो रकाना भरायचा. आता ही सगळी नावं लाकडात कापायची आणि ज्याची त्याला नेऊन द्यायची, असा त्यांचा बेत होता.

"कशासाठी पण?" मी विचारलं.

"पहिल्यांदा ज्यांना हात लावला ती माणसं हायत गो ती. मोठी झालेली बघायला जायला काय तरी निमित्त नको?"

लाकूड शिवणीचं घ्यायचं ठरलं. हलकं, मऊ, वखारीत तुकडे मिळायचे. मराठी नाव कापायला सोयीचं, कारण डोक्यावरची रेघ सगळी अक्षरं धरून ठेवते. अडचण अनुस्वाराची. टिंबाला धरायला काहीच नसतं, ते खाली पडतं. म्हणून तिथे केसभर लाकूड जोडलेलं ठेवायचं. आणि अक्षरांच्या आतल्या पोकळ्या. तिथे आधी बारीक भोक पाडायचं, पातं एका टोकाने सोडवायचं, भोकातून ओवायचं, परत अडकवायचं, परत ताणायचं. 'वैभव' हे नाव त्यांना मुळीच आवडत नसे. "दोन व आणि वर भ," त्या म्हणायच्या, "आईबापांनी जरा विचार करायला पायजे होता."

पण हे सगळं पुढचं. पहिले पंधरा दिवस एकही नाव पूर्ण झालं नाही. पाती तुटत होती. चार अक्षरांच्या नावात तीन पाती जायची. जे कापलं जायचं तेही तिरकं, पुढून अक्षर बारीक आणि उलटं केलं की मागून जाड. मशीन विकणाऱ्या कल्याणच्या माणसाला मी फोन लावून दिला. तो म्हणाला, "ताण वाढवा, मॅडम." ताण वाढवला तर पाती आणखी लवकर तुटू लागली. आळीतले एक सुतार येऊन बघून गेले, त्यांनी निकाल दिला की पीसच खराब आहे, परत पाठवा.

सिस्टरांनी प्लग काढला, नवा पुठ्ठा घेतला आणि मशीनचा केसपेपर लिहिला. तक्रार: पाती तुटणे, काप तिरका. कधीपासून: जन्मापासून.

मग दोन दिवस त्यांनी मशीन चालूच केलं नाही. समोर स्टूल घेऊन बसल्या. मोटरच्या मागची मूठ हाताने सावकाश फिरवायची, पातं वर जाताना बघायचं, खाली येताना बघायचं. चष्म्यावर आणखी एक भिंग. मी शाळेतून येऊन पुस्तिका वाचून दाखवायचे. ती इंग्रजीत होती आणि मलाही निम्मी कळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सुताराकडून गुण्या मागवला, म्हणजे काटकोन बघायची ती लोखंडी पट्टी. ती टेबलावर पात्याला चिकटवून उभी केली आणि मला खाली वाकून बघायला लावलं. पातं वर असताना पट्टीला नीट टेकलेलं होतं. मूठ फिरवून खाली आणलं तसं मध्ये उजेडाची एक फट दिसायला लागली.

"दिसलं? वरचा हात खालच्या हाताच्या बरोबर वर नाय. जरासा डावीकडं बसलाय. पातं बिचारं दर खेपेला वाकडं होऊन खाली जातंय. ह्याला आणखी ताणून काय होणार? आणखी लवकर तुटणार."

पुस्तिकेत मागच्या बाजूला दोन बोल्टचं चित्र होतं, जिथे वरचा हात खिळीवर झुलतो. ते आम्ही सैल केले. एका बाजूला सरकवायला बारीक पत्रा हवा होता. सिस्टरांनी मलमाच्या जुन्या डबीचं झाकण कातरीने कापून त्याची पट्टी केली, उकळत्या पाण्यातून काढली (का, ते मला आजही माहीत नाही) आणि फटीत सारली. बोल्ट आवळले. मग एक जाड ठोकळा घेऊन त्यावर पात्याने एक उथळ खाच पाडली, ठोकळा तसाच उलटा फिरवला आणि ती खाच पात्याच्या मागच्या बाजूने आणली. पातं काटकोनात असेल तर ते त्याच खाचेत मागूनही शिरतं. पहिल्यांदा शिरलं नाही. पत्रा थोडा कापला. तरी नाही. तिसऱ्यांदा पातं खाचेत अलगद गेलं. सिस्टरांनी पुठ्ठ्यावर लिहिलं, 'फरक आहे.'

मग ताण. हे त्यांनी मला शिकवायचंच असं ठरवलं होतं. पात्याला नखाने छेडायचं. सैल असलं की भद्द आवाज. चावी थोडी फिरवायची, परत छेडायचं. एका ठिकाणी आवाज स्वच्छ होतो, तिथे थांबायचं. मग बोटाने पातं बाजूला दाबून बघायचं, किंचित हललं पाहिजे, पण वाकता कामा नये.

"टाके घालायला शिकलो ना, तेव्हा आमच्या मेट्रन सांगायच्या," त्या म्हणाल्या. "दोरा ओढला की कातडीच्या कडा बघायच्या. पांढऱ्या पडल्या म्हणजे जास्त ओढलं, तिथलं रक्त अडलं, ती जागा मरणार. आणि सैल सोडला तर कडा एकमेकींना भेटत नाय, जखम उघडीच. मधलं एवढंसंच असतं. ते पुस्तकात नाय. बोटाला कळतं."

रोज चार वाजता काम थांबलं की त्या पात्याचा ताण पूर्ण सोडून द्यायच्या. मी म्हटलं, उद्या परत लावायचाच आहे. त्या म्हणाल्या, "ड्युटी संपली त्याची. उगाच कुणाला ताणून ठेवायचं नाय." आणि लाकूड कधी ढकलू द्यायच्या नाहीत. मी घाई केली तर माझ्या हातावर हात ठेवायच्या. "येतंय ते. त्याच्या वेळेनं येऊ दे."

त्यानंतर नावं निघू लागली. रविवारी आम्ही ती पिशवीत घालून एसटीने निघायचो, किन्हवली, सरळगाव, कधी मुरबाड. वहीतल्या पत्त्यावर निम्मी माणसं सापडायची नाहीत. वाशिंदला, कल्याणला, कुठे कुठे गेलेली. जी सापडायची त्यांना आधी काही कळायचंच नाही. एका घरी बाईने विचारलं, "कुठली योजना आलीय? आधार आणू का?" सिस्टर म्हणाल्या, "सहीसुद्धा नको. तू पायाळू होतीस एवढंच सांगायला आले." ती बाई आपल्या पायांकडे बघत राहिली. सरळगावच्या नाक्यावर एक वैभव निघाला, टमटम चालवणारा, चांगला आडदांड. त्याने नाव हातात घेऊन उलटंपालटं केलं, काचेपुढे ठेवलं आणि आम्हाला पुढच्या गावापर्यंत सोडलं. वाटेत सिस्टर त्याला सांगत होत्या की तो जन्मला तेव्हा पहिली दोन मिनिटं रडलाच नव्हता. "मग काय केलंत?" त्याने विचारलं. "पाठ चोळली. शिव्या दिल्या," त्या म्हणाल्या.

वहीचं एक पान मात्र त्या उलटून पुढे जायच्या. मी गणितवाली, माझ्या ते लक्षात आलं, कारण क्रमात एक नाव राहत होतं. विचारलं तेव्हा त्या टाळायच्या. तिसऱ्या वर्षी, माझी बदली गावाकडे होणार असं कळलं त्या आठवड्यात, त्यांनी आपणहून वही माझ्यासमोर ठेवली.

टोकावड्याच्या बाजूचा पाडा. वार मंगळवार. मुलगी, वजन अडीच किलो. नावाच्या रकान्यात 'चांदणी' असं लिहिलेलं होतं, आणि शाई बाकीच्या ओळीसारखीच होती, म्हणजे ते त्याच दिवशी लिहिलेलं.

"बाळंतपण झाल्यावर दोन तास थांबायचं असतं," सिस्टर म्हणाल्या. "आईजवळ. पोटाला हात लावून बघत राहायचं. मी एकच तास थांबले. सगळं चांगलं होतं, ती हसत होती, चा प्याली. नदीच्या पलीकडच्या पाड्यावर लसीकरण लावलेलं, बाया पोरांना घेऊन बसलेल्या. मी म्हटलं, जाते. मी गेल्यावर ब्लीडिंग सुरू झालं. सासूला वाटलं, एवढं जातंच. मला निरोप मिळाला तोवर जीपमध्ये घातलेली. मुरबाडला पोचली नाय."

मी वही मिटून बाजूला ठेवली.

"कुणी मला एका शब्दानं बोललं नाय गो. कुणी विचारलंच नाय. उलट तिचा सासरा म्हणाला, सिस्टर, तुमी होतात म्हणून पोर तरी वाचली. पुढं दर लसीला ती पोर आणायचे आणि मला नमस्कार करायचे. मी बदली मागून घेतली."

त्या रविवारी आम्ही गेलो. नाव त्यांनी आदल्या आठवड्यात कापलं होतं, मला न दाखवता. सरळगावला एसटी बदलली. पुढे पाड्यापर्यंत पायी. सिस्टर नेहमी माझ्या पुढे चालायच्या, त्या दिवशी मागे होत्या. दोनदा थांबून त्या पाणी प्यायल्या.

त्या मुलीचं सासर त्याच पाड्यात होतं. आजोबा, आजी, वडील, कुणीच आता राहिलं नव्हतं. ती ओटीवर वाल निवडत बसली होती, अठ्ठावीसेक वर्षांची. घरात तिचं नाव मंगल होतं. मंगळवारी झाली म्हणून वडिलांनी ठेवलेलं. तिने आम्हाला पाणी दिलं. सिस्टर ते प्यायल्या नाहीत, त्यांनी तांब्या बाजूला ठेवला आणि सरळ सांगायला सुरुवात केली. आपण कोण, त्या दिवशी काय झालं, दोन तासांऐवजी एक तास. काही मऊ करून सांगितलं नाही, नदी आणि लसीकरणाची सबबसुद्धा पुढे केली नाही. "मी थांबायला पायजे होतं. मी गेले," एवढंच.

मंगलचे हात सुपात थांबले. ती म्हणाली, "मंग आता कशाला आलात?"

"बाकीच्या सगळ्यांच्या घरी जात होते. तुझं घर चुकवत होते."

"एवढी वर्षं?"

"भीती वाटायची."

ती उठून आत गेली. मला वाटलं, आता बाहेर येणार नाही. सिस्टर तशाच बसून होत्या, हात मांडीवर, पाठ सरळ. आत भांड्याचा आवाज झाला, मग बंद झाला. मी हळूच म्हटलं, "निघूया का?" त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

ती बाहेर आली तेव्हा डोळे पुसलेले होते. सिस्टरांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं नाव काढून तिच्यासमोर ठेवलं. तिने फडकं उलगडलं, वाचलं.

"चांदणी कोण?"

"तू," सिस्टर म्हणाल्या. "तू झालीस तेव्हा तुझ्या कपाळावर पांढरा ठिपका होता. बाळाच्या अंगावर असतो तो चिकटा, पुसायचा असतो. मी पुसायला गेले तर तुझ्या आयेनं माझा हात धरला. म्हणाली, राहू द्या सिस्टर, चांदणी हाय ती. मंग म्हणाली, हेच नाव ठेवणार, लिवून ठेवा. मी लिहिलं. तिनं आणखी कुणाला सांगितलं नसणार. पुढं टाइमच मिळाला नाय तिला."

मंगलने बोट त्या लाकडावरून फिरवलं, रेघेवरून, मग वरच्या टिंबापाशी येऊन थांबलं.

"आमच्याकडं तिचा फोटोबी नाय," ती म्हणाली. "आजी सांगायची, गोरी होती. बाकी काय नाय. तिचा आवाज कसा होता?"

"घोगरा. सर्दी झाल्यासारखा. आणि बोलताना मधेच हसायची. तिला तू आवडलीस फार. तुझ्या हाताची बोटं मोजली तिनं, मग परत मोजली, एक जास्त तर नाय ना म्हणून. चा मागितला, त्यात साखर कमी म्हणून सासूला हाक मारली. उशाशी तिची पितळेची फणी होती, ती घेऊन म्हणाली, माझे केस करा, आमचं माणूस येईल आता बघायला. मी केले केस. दोन वेण्या घातल्या."

असा तो एक तास सिस्टर सांगत गेल्या. त्यातली एकही गोष्ट मी तीन वर्षांत ऐकली नव्हती. मंगल एकटक त्यांच्या तोंडाकडे बघत होती, जसं आंधळं माणूस आवाजाच्या दिशेने बघतं तसं, हललीसुद्धा नाही. माफ केलं असं ती म्हणाली नाही. सिस्टरांनीही विचारलं नाही.

सांगून झालं तेव्हा ती ओटीच्या कडेला गेली आणि खालच्या वावरात काम करणाऱ्या नवऱ्याला तिने हाक मारली. तो हातपाय धुवून आला, आमच्याकडे बघत भिंतीला टेकून बसला. तिने त्याला काही समजावलं नाही. सिस्टरांच्या समोर मांडी घालून बसली, नाव मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "ह्यांनाबी ऐकू द्या. आता पहिल्यापासनं सांगा."

सिस्टरांनी तांब्यातलं पाणी घेतलं, दोन घोट प्यायल्या आणि सुरुवात केली. "मंगळवार होता," त्या म्हणाल्या. "मी एकच तास थांबले."